न लिहिलेले नियम

माझ्या भावाच्या कामात आजवर कोणी चूक काढलेली नाही, आणि तरीही त्याच्या दोन नोकऱ्या गेल्या आहेत. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. मोठ्या माणसांच्या ॲस्पर्जरबद्दल, म्हणजे ऑटिझमच्या एका रूपाबद्दल, बोलायचं तर ती शेजारी शेजारी ठेवूनच बोलावं लागतं.

तो औषध कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये ॲनालिस्ट आहे. बडोद्यात एमएस्सी केमिस्ट्री झालेल्या मुलासाठी ही मळलेली वाट. १९०७ साली इथे अलेंबिक उभी राहिली, पुढे साराभाई केमिकल्स आली, आणि आता पादरा, सावली, हालोल अशा कुठल्याही दिशेला शहराबाहेर पडलं की औषधांचे कारखाने लागतात. अलेंबिकच्या मागे कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेचे गज्जर सर होते, त्यांचे विद्यार्थी कोटिभास्कर होते, हे मला भावामुळे ठाऊक. सयाजीरावांच्या काळात १८९० साली सुरू झालेलं कलाभवन हा त्याचा आवडता विषय. एकदा सुरू झाला की समोरचा माणूस घड्याळाकडे बघतोय हे त्याच्या लक्षात येत नाही. मला त्याचं हे बोलणं फार आवडतं. त्यात तारीख चुकत नाही आणि फुशारकी औषधालाही नसते.

औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी मशीनच्या आलेखात बेसलाइन किंचित सरकली तरी त्याला दिसतं. कॉलम कोणता लावला, बफर कधी बनवला, स्टँडर्डची बाटली कोणत्या तारखेला उघडली, सगळं लॉगबुकात त्याच्या बारीक अक्षरात असतं. या धंद्यात ट्रेनिंगच्या सुरुवातीलाच एक वाक्य कानावर घालतात: जे लिहिलं नाही, ते झालंच नाही. काचेची भांडी कशी धुवायची यालासुद्धा एसओपी, म्हणजे ठरवून दिलेली लेखी कार्यपद्धती, असते. ती वाचायची, वाचल्याची सही करायची आणि मग नळ सोडायचा. ज्या मुलाने लहानपणापासून "एवढंही कळत नाही का तुला?" हेच ऐकलं, त्याला अशी एक जागा सापडली जिथे कळायला हवं ते सगळं आधीच लिहून हातात देतात. तो तिथे खरोखर सुखात होता.

अडचण लॅबच्या दाराबाहेर सुरू व्हायची. कॅन्टीनची एसओपी नसते. रजा मागण्याआधी साहेबांचा मूड बघायचा. सीनियरची चूक चारचौघांत सांगायची नाही. "जरा बघून घे" म्हणजे आजच्या आज निस्तरून टाक. "फ्री झालास की ये" म्हणजे हातातलं टाकून ये. हे नियम कुठेही लिहिलेले नसतात, पण मोडले की शेरा मात्र लेखी मिळतो.

पहिली नोकरी एका सहीवरून गेली. लॅबमध्ये एकाने वजन केलं की दुसऱ्याने ते डोळ्यांनी पाहून 'चेक्ड बाय'च्या रकान्यात सही करायची असते. संध्याकाळी बस सुटायच्या घाईत बरोबरचे म्हणायचे, "अरे यार, सही करी दे ने." हा म्हणायचा, मी पाहिलेलं नाही, मी सही करणार नाही. नियमाने तो शंभर टक्के बरोबर होता. असल्याच नोंदींच्या गोंधळावरून अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने भारतातल्या कंपन्यांना वॉर्निंग लेटर पाठवलेली आहेत, हे त्या लॅबमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण त्याने ते सगळ्यांसमोर, इन्चार्जच्या तोंडावर, त्याच्या नेहमीच्या सपाट आवाजात सांगितलं आणि वर एसओपीचा नंबर म्हणून दाखवला. अप्रेझलमध्ये शेरा आला, 'टीम प्लेअर नाही'. काही महिन्यांनी एचआरने बोलावून सांगितलं की तुम्हाला दुसरीकडे याहून चांगली संधी मिळेल. घरी येऊन तो म्हणाला, "ताई, ती संधी कुठल्या कंपनीत आहे ते त्यांनी सांगितलंच नाही. उद्या फोन करून विचारू?" आई जागची उठून आत गेली.

दुसऱ्या ठिकाणी भांडण झालंच नाही. तिथे त्याने सगळं जमवून घेतलं, आणि त्यातच तो संपत गेला. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, कोणी हसलं की हसायचं, "केम छो" विचारल्यावर खरं उत्तर द्यायचं नाही, हे त्याने घोकून पाठ केलं होतं. दिवसभर प्रत्येक वाक्याआधी मनातल्या मनात हिशेब. घरी आला की दिवा न लावता खोलीत बसायचा, जेवायलासुद्धा यायचा नाही. शिफ्ट बदलल्याचं आदल्या रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर कळायचं, तेही सुविचार आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या ढिगाऱ्यात कुठेतरी. मग कंपनीने लॅबशेजारचं ऑफिस मोकळं केलं, पार्टिशन काढली, आणि रिपोर्ट लिहायला सगळे एका हॉलमध्ये आले. फोन वाजतायत, एक ट्यूबलाइट फडफडतेय, कोणाच्या तरी डब्यातल्या लसणाच्या चटणीचा वास येतोय. तुम्हाआम्हाला यातलं बरंचसं ऐकू येत नाही आणि दिसत नाही, कारण आपला मेंदू ते परस्पर बाजूला सारतो. त्याचा मेंदू सारत नाही. सगळं सारख्याच जोराने आत येतं. एका नवरात्रात, कंपनीचा गरबा झाल्यावर, त्याने राजीनामा लिहून दिला. दुसरी नोकरी हातात नव्हती.

निदान त्यानंतर झालं, तिशी उलटल्यावर. डॉक्टरांनी कागदावर 'ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर' लिहिलं आणि बोलताना म्हणाले, पूर्वी याला ॲस्पर्जर म्हणत. व्हिएन्नाच्या हान्स ॲस्पर्जर यांनी १९४४ साली अशा मुलांचं वर्णन केलं होतं. ते जर्मन भाषेत पडून राहिलं. १९८१ मध्ये लंडनच्या लोर्ना विंग यांनी ते नाव इंग्रजी जगासमोर आणलं, १९९४ मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम या ग्रंथात ते स्वतंत्र निदान म्हणून आलं आणि २०१३ च्या आवृत्तीत ऑटिझमच्या व्यापक पट्ट्यात विलीन झालं. २०१८ मध्ये हेर्विग चेख या इतिहासकाराने पुरावे पुढे आणले की नाझी राजवटीत ॲस्पर्जर यांनी काही मुलांना श्पीगेलग्रुंडच्या दवाखान्यात पाठवलं होतं. अपंग मुलांना तिथे मारलं जायचं. म्हणून आज अनेकजण ते नाव घेत नाहीत. भाऊ स्वतः 'मी ऑटिस्टिक आहे' असंच म्हणतो. मी ॲस्पर्जर लिहिलं कारण आपल्याकडे मोठ्या माणसांच्या संदर्भात लोकांनी ऐकलेला शब्द तोच आहे.

ॲस्पर्जर हे निदान डीएसएममध्ये आलं तेव्हा भाऊ बडोद्यात मराठी शाळेच्या खालच्या वर्गात होता. त्याच्या बाईंना ते कळायला काही मार्गच नव्हता. चाळिशीच्या आसपासची एक पूर्ण पिढी अशी आहे, जिला हट्टी, एककल्ली, माणूसघाणी, 'हुशार आहे पण' असं म्हणत मोठं केलं गेलं. त्यातल्या बायकांचं तर आणखी कठीण. ऑफिसात केक कापताना पुढे होणं, कोणाच्या बाळाची चौकशी करणं, हे बाईला यायलाच हवं असं धरून चालतात. ते वरवर जमवता जमवता त्यांचं निदानच होत नाही, किंवा फार उशिरा होतं.

लोक मला विचारतात, मग याच्याकडे काही खास शक्ती असेल ना? नाही. तो चांगला ॲनालिस्ट आहे कारण त्याला ते काम आवडतं आणि त्याने ते मन लावून शिकून घेतलं. ऑटिस्टिक माणूस गणितात किंवा कॉम्प्युटरमध्ये असामान्य असणारच, ही समजूत मला दयेइतकीच घातक वाटते. ज्याला साधं क्लार्कचं काम नीट करून पगार घ्यायचा आहे, त्याच्यासाठी ती दार लावून घेते.

बरं, दारातून आत जायचं ते मुलाखतीतूनच. "स्वतःबद्दल सांगा" या प्रश्नाला भावाने एकदा जन्मतारखेपासून सुरुवात केली होती. पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता, असं विचारल्यावर म्हणाला, ते आज सांगता येणार नाही. प्रामाणिक उत्तर आहे, पण मुलाखत तिथेच संपली. मुलाखत माणसाचं मुलाखत देण्याचं कसब तपासते. टायट्रेशन, म्हणजे द्रावणात एखादा पदार्थ किती आहे हे मोजण्याचं काम, करायला ठेवायचं असेल तर टायट्रेशन करून बघा ना! डेन्मार्कच्या थॉर्किल सोने यांनी आपल्या मुलाला ऑटिझम असल्याचं कळल्यावर २००४ मध्ये स्पेशलिस्टर्न ही कंपनी काढली. तिथे उमेदवाराला लेगोचे रोबो बांधायला देतात आणि तो अडला की काय करतो, कसा सोडवतो, ते पाहतात. २०१३ मध्ये सॅप या सॉफ्टवेअर कंपनीने त्यांच्याबरोबर ऑटिस्टिक लोकांना घेण्याचा जागतिक कार्यक्रम जाहीर केला. या गोष्टी मला दिलासा देतात, पण बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, शंभर-दीडशे माणसांच्या कारखान्यात, एचआरच्या टेबलापर्यंत त्या अजून पोचलेल्या नाहीत.

मला सगळ्यात जास्त बळ दिलं ते एका अभ्यासाने. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश संशोधक. २०१२ मध्ये त्यांनी मांडलं की गैरसमज दोन्हीकडून होतो. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही तितकंच इतरांनाही त्याचं कळत नाही. २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी चक्क कानगोष्टींचा खेळ लावून हे तपासलं. आठ-आठ जणांच्या साखळ्या: काही सगळ्या ऑटिस्टिक, काही एकही ऑटिस्टिक नसलेल्या, काही मिश्र. पहिल्याला गोष्ट सांगायची, त्याने पुढच्याला. ऑटिस्टिक लोकांच्या साखळीत गोष्ट ऑटिस्टिक नसलेल्यांच्या साखळीइतकीच नीट टिकली. गळती झाली ती मिश्र साखळ्यांमध्ये. म्हणजे संवादाची उणीव एकट्या भावाच्या डोक्यात नाही, ती त्याच्या आणि इन्चार्जच्या मधल्या जागेत आहे. मग ती भरायचं काम एकट्याने त्यानेच का करायचं? आजवर त्यानेच केलं. दुसऱ्या नोकरीतल्या त्या अंधाऱ्या संध्याकाळी म्हणजे त्याने भरलेली किंमत होती.

तिसऱ्या नोकरीत ते काम दुसऱ्या बाजूने कोणीतरी केलं. तिथल्या सेक्शन हेड गुजराती आहेत, पन्नाशीच्या. ऑटिझम हा शब्द त्यांनी आधी ऐकलेला नव्हता. भावाने सुरुवातीच्या आठवड्यात त्यांना सांगितलं, "मॅडम, तुम्ही तोंडी सांगितलेलं काम माझ्याकडून निम्मं राहतं. लिहून दिलंत तर पूर्ण होईल." त्या म्हणाल्या, "एमां शुं, लखी आपीश." त्यात काय, लिहून देईन. सकाळी एक चिठ्ठी: कोणते सॅम्पल, कोणता क्रम, कशाला किती वाजेपर्यंत. मध्ये काही तातडीचं आलं तर चिठ्ठीवर कुठलं काम मागे टाकायचं तेही त्याच लिहून देतात. हे शेवटचं फार महत्त्वाचं. 'हेही कर' एवढंच म्हटलं की तो दोन्ही करायच्या धडपडीत थिजून जातो. मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी मेलवर येतात आणि मीटिंगनंतर काय ठरलं तेही येतं. चूक असेल तर त्या बाजूला बोलावून सरळ सांगतात, "तुम्ही सगळ्यांसमोर त्यांचं वाक्य मध्येच तोडलंत, त्यांना वाईट वाटलं, पुढच्या वेळी माझ्याकडे या." आडून नाही, टोमणा नाही. त्याला असं सांगितलेलं अजिबात लागत नाही. उलट हायसं वाटतं, कारण एक नियम त्याच्या वहीत लिहून झाला. बसायला भिंतीकडची जागा. जेवण गर्दी ओसरल्यावर. गरब्याला यायचं की नाही हे त्याच्यावर. शिफ्ट बदलणार असेल तर फोन करून.

या सगळ्याला कंपनीचा पैसा किती लागला? एक ट्यूबलाइट बदलली. गंमत म्हणजे वर्षभरात ती सकाळची चिठ्ठी लॅबमध्ये सगळ्यांनाच मिळायला लागली. नव्या पोरांनी मागून घेतली.

कायदा हेच म्हणतो. १९९५ च्या अपंगत्वाच्या कायद्यात ऑटिझमचा उल्लेख नव्हता. २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, त्यातल्या एकवीस प्रकारांत ऑटिझम स्पेक्ट्रम आहे. सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के राखीव जागांत या गटाचा वाटा आहे. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेनेही समान संधीचं धोरण लिहून जाहीर करायचं असतं. आणि माणसाला काम करता यावं म्हणून गरजेचे वाजवी बदल नाकारणं हा या कायद्यात भेदभावच धरला आहे. राखीव जागेसाठी किमान चाळीस टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, आणि इथे बरीच मोठी माणसं अडतात. आपल्याकडे ऑटिझम मोजायची जी पट्टी आहे ती मुळात लहान मुलांना समोर ठेवून बनलेली आहे, आणि तीस वर्षं स्वतःला झाकायला शिकलेला माणूस तासाभरात प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय बोर्डासमोर उघडा होत नाही. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये, लेखनिक मागणाऱ्या एका यूपीएससी उमेदवाराच्या खटल्यात, सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की वाजवी सोय मिळायला चाळीस टक्क्यांची अट लावता येणार नाही. हा निकाल प्रत्येक एचआरने वाचावा असं मला मनापासून वाटतं.

मात्र सोय मागायची तर सांगावं लागतं, आणि आमच्या घरात सगळ्यात जास्त वाद झाला तो यावर. आई म्हणत होती, सांगायचं कशाला? दांडिया बाजारात आपली दहा घरं ओळखीची, उद्या त्याच्यासाठी स्थळ बघायचं, एकदा शिक्का बसला की पुसला जात नाही. तिची भीती खोटी नाही. भावाने मधला रस्ता काढला: आधी फक्त गरज सांगितली, नाव सांगितलं नाही. नोकरी पक्की झाल्यावर मॅडमना आणि एचआरला लेखी कळवलं. लेखी कळवलंच पाहिजे, याबद्दल माझं मत ठाम आहे. उद्या मॅडम निवृत्त होतील, नवे साहेब येतील, त्यांना चिठ्ठ्या लिहायला वेळ नसेल. त्या दिवशी एखाद्याचा चांगुलपणा कामाला येणार नाही, फाइलमधला कागद येईल. भावाला हे पटवून द्यावं लागलं नाही. जे लिहिलं नाही ते झालंच नाही, हे तो माझ्याआधी शिकलाय.

आपल्याकडे या विषयातलं बहुतेक काम लहान मुलांसाठी आहे: स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, शाळा. ते हवंच. पण मूल मोठं होतं आणि सगळे आधार एकदम संपतात. फार तर नोकरी लावून देण्यापर्यंत कोणी येतं. लागल्यावरच्या पहिल्या सहा महिन्यांत, जेव्हा खरी पडझड होते, तेव्हा बाजूला कोणी नसतं. परदेशांत याला जॉब कोच म्हणतात: आठवड्यातून एकदा येणारा, कामगाराशी आणि सुपरवायझरशी वेगवेगळं बोलणारा, मधली जागा भरणारा माणूस. बडोद्याला असा माणूस कुठून आणायचा हा प्रश्न मला खरं तर अवघड वाटत नाही. एम. एस. युनिव्हर्सिटीच्या सोशल वर्क फॅकल्टीची मुलं फील्डवर्कसाठी शहरभर जातात. त्याच फॅकल्टीत उद्याचे एचआर मॅनेजरही शिकतात. त्यातल्या दोन-दोन मुलांना वर्षभर एकेका कारखान्यात या कामावर ठेवलं तर या शहरात चार वर्षांत जॉब कोचही तयार होतील आणि तो शब्द माहीत असलेले एचआरही. मी हे तिथल्या एका प्राध्यापिकेला सांगून आले आहे. त्यांनी कारखान्यांची यादी मागितली आहे, ती मी आणि भाऊ मिळून करतो आहोत. प्रत्येक कारखान्यापुढे तो लॅबमध्ये माणसं किती आणि आवाज किती असे दोन रकाने भरतोय.

आता त्याच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. काम उत्तम चाललंय, त्यामुळे त्याला बढती देऊ करतायत: ग्रुप लीडर, हाताखाली सहा माणसं. आपल्याकडे वर जायचा जिना एकच असतो, आणि तो माणसं सांभाळण्याच्या दिशेने जातो. त्याला माणसं सांभाळायची नाहीत. त्याला नव्या पद्धती बसवायच्या आहेत, मेथड व्हॅलिडेशनमध्ये, म्हणजे तपासणीची पद्धत भरवशाची आहे हे सिद्ध करण्याच्या कामात, खोल जायचं आहे, आणि त्याबरोबर पगारही वाढायला हवा आहे, कारण आईच्या औषधांचा खर्च वाढला आहे. नाही म्हटलं तर 'महत्त्वाकांक्षा नाही' असा शेरा पडायची भीती, हो म्हटलं तर पुन्हा दुसऱ्या नोकरीसारखी गत.

त्याने मॅडमशी बोलून एचआरला अर्ज दिला आहे. सीनियर ॲनालिस्टच्या वर, हाताखाली माणसं नसलेली, तांत्रिक कामाची एक जागा कंपनीने तयार करावी. तिची कामं, जबाबदाऱ्या आणि वर्षअखेरीला काय तपासायचं, हे सगळं त्याने एसओपीच्या नमुन्यात क्रमांक घालून लिहिलं आहे. एचआरने कळवलंय की अशी जागा सध्या नाही, पण अर्ज पुढे मुंबई ऑफिसला पाठवला आहे. आणि हा कागद बघून त्याच्याच लॅबमधल्या एका मुलीने, जिला ऑटिझम वगैरे काही नाही, आपलाही अर्ज त्याला जोडलाय.